नोंदणी नसलेल्या धंद्यांना टॅक्समध्ये आणायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मधलीसुट्टी
नमस्कार मंडळी. एमएच्या सेमिनारला हा विषय हौसेने घेतला आणि आता डोकं धरून बसलेय. प्रश्न विकसनशील देशांचा एकंदरीत आहे, आपल्या जीएसटीवर परत कुस्ती नको प्लीज, त्याचे धागे भरपूर झालेत.

जिकडे बघावं तिकडे हेच लिहिलंय की गरीब देशांत टॅक्स कमी जमतो कारण निम्म्याहून जास्त धंदा कागदावरच नाही. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०१८ चा आकडा आहे की जगात काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त, म्हणजे साधारण २०० कोटी लोक असंघटित कामात आहेत. मग पुढचं वाक्य ठरलेलं, यांना टॅक्समध्ये आणा की तिजोरी भरली. पण थोडं खोलात वाचायला गेलं की कुणी म्हणतं यांच्याकडून मिळून मिळून मिळणार किती, कुणी म्हणतं रजिस्ट्रेशन सोपं करा आपोआप येतील, कुणी म्हणतं अजिबात येत नाहीत, आणि तिसराच कुणीतरी म्हणतो ते आधीपासूनच टॅक्स भरतायत. सगळं एकाच वेळी खरं कसं असेल? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी जरा समजावून सांगा.

रोजमेळ
छोट्या धंद्यांच्या वह्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली म्हणून त्या बाजूने सांगतो, थिअरी बाकीचे सांगतील.

पहिली गोष्ट, या लोकांकडे नफ्याचा आकडाच नसतो. लपवलेला नसतो, नसतोच. घराचे पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच खिशात, माल उधारीवर, गिऱ्हाईक उधारीवर, मुलाची फी गल्ल्यातून. तुम्ही विचारलंत गेल्या वर्षी नफा किती झाला तर तो खरं बोलूनसुद्धा सांगू शकत नाही. आता इन्कम टॅक्स तर नफ्यावर असतो. म्हणून जवळजवळ सगळे देश छोट्यांसाठी शॉर्टकट काढतात, एक तर ठोक रक्कम नाहीतर एकूण विक्रीवर सरळ एक-दोन-तीन टक्के. वही नको, खर्चाच्या पावत्या नकोत, विक्री सांगा आणि मोकळे व्हा.

ऐकायला झकास आहे पण गणित करून बघा. विक्रीवर ३ टक्के. एकजण घाऊक माल फिरवतो, शंभराच्या विक्रीत त्याला पाच सुटतात, त्यातले तीन गेले म्हणजे नफ्याचे ६० टक्के गेले. दुसरा रिपेअरिंग करतो, शंभरात चाळीस सुटतात, त्याचेही तीनच गेले म्हणजे साडेसात टक्के. आणि ज्याला यंदा तोटा झाला त्यालाही तीन द्यायचेच आहेत. मग पहिला माणूस काय करेल? विक्री कमी दाखवेल. चोर आहे म्हणून नाही, नाहीतर दुकान बंद करावं लागेल म्हणून.

दुसरी गोष्ट भीती. टॅक्स किती यापेक्षा "एकदा नाव लागलं की पुढे काय" ही भीती मोठी असते. आज ठोक रक्कम म्हणताय, उद्या वाढवाल, परवा मागच्या पाच वर्षांचं काय म्हणून नोटीस धाडाल. आणि सरकारंही ही भीती खरी करून दाखवतात. केनियाचं बघा, २००८ च्या सुमारास विक्रीवर ३ टक्के आणला, फारसं कुणी भरेना म्हणून २०१९ मध्ये तो काढून धंद्याच्या परमिटच्या फीवर १५ टक्के केला, वर्षभरात परत विक्रीवर ३ टक्के, कोविडमध्ये १ टक्का, २०२३ मध्ये परत ३. छोटा माणूस कशावर भरवसा ठेवणार?

उंटावरचा_शहाणा
रोजमेळ यांच्याशी सहमत, फक्त मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो.

"नोंदणी नाही" आणि "टॅक्स चुकवतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी गडबड इथेच होते. रस्त्यावर बसणाऱ्या बाईची नोंदणी नसते, पण तिचं उत्पन्न कुठल्याही देशातल्या इन्कम टॅक्सच्या मर्यादेच्या इतकं खाली असतं की नोंदणी केली तरी टॅक्स शून्य. उलट खाजगी प्रॅक्टिसवाला डॉक्टर, वकील, चार बिल्डिंगांचं भाडं खाणारा मालक, रोखीत कोट्यवधींचा माल फिरवणारा घाऊक व्यापारी, हे कागदावर अगदी व्यवस्थित असतात आणि खरा पैसा तिथे लपलेला असतो. असंघटित क्षेत्र म्हटलं की डोळ्यासमोर फेरीवाला येतो आणि हे बाकीचे आरामात मागच्या दाराने निघून जातात.

आणि हो, ते आधीपासून भरतायत हे खरंच आहे. व्हॅटमध्ये नोंदणी नसलेला माणूस जो माल विकत घेतो त्यावरचा व्हॅट त्याच्या अंगावर बसतो, त्याला तो परत मागता येत नाही, नोंदणीवाल्याला येतो. त्यावर बाजाराची रोजची पावती, नगरपालिकेची फी, पोलिसाची चिरीमिरी, गल्लीतल्या दादाचा हप्ता. यातलं बरंचसं सरकारच्या तिजोरीत जात नाही ही गोष्ट वेगळी, त्याच्या खिशातून तर गेलं ना.

वसुलीचा खर्चही बघा की. हजार फेरीवाल्यांमागे माणसं लावून जे जमेल त्यापेक्षा जास्त एका मोठ्या आयातदाराच्या फायली नीट तपासून जमेल. आणि जबरदस्तीने केलंत तर इथिओपियासारखं होतं. २०१७ च्या जुलैमध्ये तिथे अधिकारी दुकानोदुकान फिरले, रोजची विक्री किती असेल याचा अंदाज ठोकला आणि त्यावरून टॅक्स लावला. आकडे इतके फुगलेले होते की ओरोमिया भागात व्यापाऱ्यांनी दुकानंच बंद ठेवली.

मधलीसुट्टी
म्हणजे सोडूनच द्यायचं का त्यांना? मग शेजारचा जो नोंदणी करून सगळं भरतो त्याच्यावर अन्याय नाही का, तोच माल हा स्वस्तात विकणार. आणि रजिस्ट्रेशन सोपं केलं की लोक येतात हे जे म्हणतात त्याचं काय?

कागदी_घोडा
याचं उत्तर मला देऊ द्या, या विषयावरचे पेपर वाचण्यात मी आयुष्यातले बरेच रविवार घालवलेत (बायकोचे शब्द).

रजिस्ट्रेशन सोपं करा ही कल्पना गाजली ती पेरूच्या हर्नांदो दे सोतो यांच्यामुळे. १९८० च्या दशकात त्यांच्या टीमने लिमामध्ये एक छोटं शिवणकामाचं वर्कशॉप कायदेशीर नोंदवायचा प्रयोग केला, सगळे कागद रीतसर, वशिला नाही, आणि त्याला २८९ दिवस लागले. त्यातून निष्कर्ष असा की लोक बाहेर आहेत कारण दारच बंद आहे. मग पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळीकडे एक खिडकी, एक फॉर्म, एका दिवसात नोंदणी वगैरे सुरू झालं.

पण दार उघडलं तरी लोक आत आले नाहीत हो! श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुड्रफ या तिघांनी प्रयोग केला, २०१३ ला छापून आला. काही धंदेवाल्यांना नोंदणीची नीट माहिती दिली आणि होणारा खर्चही परत देऊ म्हणाले. फरक शून्य. मग काहींना नोंदणी केलीत तर रोख पैसे देऊ म्हणाले. अर्ध्या ते एका महिन्याच्या सर्वसाधारण नफ्याएवढे देऊ केले तेव्हा साधारण पाचातला एक आला, दोन महिन्यांच्या नफ्याएवढे दिल्यावर जवळपास निम्मे. नाही आले त्यांचं सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण काय असेल? टॅक्स नाही, जागा! ज्या जागेत धंदा चालतो तिचे कागद धड नाहीत, मग नोंदणी कशी करणार. हे कुठल्याही टॅक्स खात्याच्या हातात नाही.

मलावीचा प्रयोग तर मला फारच आवडतो. तिथे धंद्याची नोंदणी आणि टॅक्सची नोंदणी या वेगवेगळ्या करता येत होत्या. नुसती धंद्याची नोंदणी फुकटात करून देतो म्हटल्यावर ७५ टक्के लोकांनी केली. टॅक्सची नोंदणी किती जणांनी केली? ४ टक्के. म्हणजे कागदाला विरोध नाहीये, कागद हवाच आहे लोकांना, त्यामागून येणारा टॅक्सवाला नकोय. पुढची गंमत अशी की नुसत्या नोंदणीच्या सर्टिफिकेटने कुणाचा धंदा वाढला नाही. पण ज्यांना सर्टिफिकेटसोबत बँकेत नेऊन बसवलं, माहिती दिली, धंद्याचं खातं उघडायची सोय करून दिली त्यांची विक्री आणि नफा वाढला. म्हणजे सर्टिफिकेट ही किल्ली आहे पण कुलूप कुठलं ते कुणीतरी दाखवावं लागतं.

तिरकस
म्हणजे थोडक्यात सरकारने पैसे देऊन लोकांना पैसे भरायला बोलवायचं. वा रे वा.

कागदी_घोडा
तिरकसभाऊ, हसा, पण ब्राझीलने जवळजवळ तेच केलंय आणि ते चाललं. २००८ च्या कायद्याने त्यांनी एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी एक वेगळा वर्ग काढला, एमईआय म्हणतात त्याला, २००९ पासून सुरू. जास्तीत जास्त एक नोकर, नोंदणी ऑनलाइन आणि फुकट, दर महिन्याला एकच ठरावीक रक्कम. त्यातला मोठा भाग टॅक्स नाहीच, सोशल सिक्युरिटीची वर्गणी आहे, सुरुवातीला किमान वेतनाच्या ११ टक्के होती ती २०११ मध्ये ५ टक्क्यांवर आणली. त्याबदल्यात म्हातारपणी पेन्शन, आजारपणात मदत, बाळंतपणाचे पैसे. कोटीच्या वर लोकांनी नाव नोंदवलं.

सगळं गोड नाहीये. बरेच जण नाव नोंदवतात आणि मग महिन्याचे पैसे भरतच नाहीत. आणि दुसरी भानगड अशी की कंपन्यांनी पगारी माणसांना सांगितलं, तू एमईआय काढ, उद्यापासून तू नोकर नाहीस, तू व्यावसायिक आहेस, बिल पाठव. म्हणजे जो आधी पूर्ण भरत होता तो कमी भरणाऱ्या खान्यात गेला. सवलतीचं दार उघडलं की ज्याच्यासाठी उघडलं तो सोडून भलतेच आधी शिरतात.

रोजमेळ
पेन्शनचा मुद्दा पटला. मधलीसुट्टी, तुमच्या अन्यायवाल्या प्रश्नावर थोडं सांगतो. माझ्या बघण्यात लोक नोंदणीकडे वळले ते सरकारी जाहिरातीने नाही, गिऱ्हाइकाने पावती मागितली म्हणून. मोठी कंपनी माल घ्यायला तयार आहे पण बिल पाहिजे म्हणते, बिल नसेल तर तिला व्हॅटचं क्रेडिट मिळत नाही. त्या दिवशी माणूस स्वतःच विचारतो, नंबर कसा काढायचा हो?

व्हॅटची खुबी हीच आहे. विकणारा विक्री लपवायला बघतो पण घेणाऱ्याला खरेदी दाखवायची असते, दोघांचे कागद एकमेकांवर नजर ठेवतात. फक्त ही साखळी शेवटच्या गिऱ्हाइकापाशी तुटते कारण घरी वापरायला वस्तू नेणाऱ्याला पावतीचं काय करायचंय. म्हणून दुकानदार आणि रोख गिऱ्हाईक इथे सगळ्यात जास्त गळती.

कागदी_घोडा
बरोबर, आणि याला पुरावाही आहे. चिलीमध्ये टॅक्स खात्याने कंपन्यांना "तुमची तपासणी होऊ शकते" अशा अर्थाची पत्रं पाठवली, त्यावर दिना पोमेरान्झ यांचा २०१५ चा पेपर आहे. पत्राचा परिणाम दिसला तो शेवटच्या गिऱ्हाइकाला केलेल्या विक्रीवर, कंपनी-कंपनीतल्या व्यवहारांत फार कमी, कारण तिथे कागद आधीच असतो, लपवायला जागा कमी.

त्या तुटलेल्या टोकाला गाठ मारायला काहींनी लॉटरी काढली! तैवानने १९५१ पासून, पावतीच्या नंबरवर बक्षीस. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने २००७ मध्ये असंच केलं, पावतीवर स्वतःचा टॅक्स नंबर घाला, टॅक्सचा थोडा हिस्सा परत मिळेल, शिवाय लॉटरी, शिवाय दुकानदाराने पावती नोंदवली नाही तर ऑनलाइन तक्रार. जुआना नारितोमी यांनी त्याचा अभ्यास केला, किरकोळ दुकानांनी दाखवलेली विक्री चार वर्षांत साधारण २१ टक्क्यांनी वाढली. पण ही नोंदणी झालेली दुकानं होती हां, जी विक्री कमी दाखवत होती. म्हणजे उंटावरच्या शहाण्यांचाच मुद्दा, गळती आतल्यांचीही आहे.

तिरकस
मला एक सांगा, आता सगळे मोबाइलने पैसे देतात तर हा सगळा खटाटोप कशाला, तिथूनच कापून घ्या की सरळ.

उंटावरचा_शहाणा
कापून बघितलंय की राव. युगांडाने २०१८ च्या जुलैत मोबाइल मनीवर १ टक्का लावला, बोंबाबोंब झाली, काही महिन्यांत अर्ध्या टक्क्यावर आणि फक्त पैसे काढण्यावर आणावा लागला. घानाने २०२२ मध्ये दीड टक्का ई-लेव्ही आणली, पुढच्या वर्षी १ टक्का केली, २०२५ मध्ये रद्दच करून टाकली. लोक रोखीकडे परत जातात, साधं आहे. ज्या कागदी खुणेसाठी इतकी वर्षं धडपड चालली होती तीच खूण पुसायला लोकांना पैसे दिल्यासारखं झालं. डिजिटल व्यवहाराचा उपयोग विक्रीचा अंदाज यायला करा ना, त्याच्यावरच टॅक्स कशाला बसवताय.

पाकिस्तानचाही एक नमुना आहे. रिटर्न भरणारा आणि न भरणारा, फायलर आणि नॉन-फायलर, असे दोन वर्ग केले आणि नॉन-फायलरला गाडी घेताना, प्रॉपर्टी घेताना वगैरे जास्त दराने टॅक्स कापायचा. हेतू हा की वैतागून रिटर्न भरतील. झालं काय तर अनेकांनी जास्तीचा दर म्हणजे त्रास टाळायची फी असं समजून भरून टाकला. न भरण्यालाही अधिकृत नाव मिळालं!

पण मी नुसता विरोधच करतोय असं वाटायला नको म्हणून एक माझ्या बाजूने. घानाने १९८७ पासून २००३ पर्यंत प्रवासी वाहतूकवाल्यांचा टॅक्स त्यांच्याच युनियनकडून गोळा करवला. युनियनचा माणूस स्टँडवरच असतो, कोण गाडी काढतो कोण नाही हे त्याला तोंडपाठ, रोज थोडे थोडे घ्यायचे, वर्षाच्या शेवटी एकदम बोजा नाही. टॅक्स खात्याला हे कधीच जमलं नसतं. नंतर युनियनकडून पैसे पूर्ण पोचत नाहीत वगैरे तक्रारी आल्या आणि २००३ नंतर गाडीच्या काचेवर स्टिकर लावायची पद्धत आली, तीन महिन्यांनी नवीन स्टिकर. साधी आयडिया आहे पण त्यात अक्कल आहे, स्टिकर आहे की नाही ते लांबून दिसतं, वहीबिही बघावी लागत नाही.

रोजमेळ
युनियनच्या हातात वसुली दिली की युनियन कुणाची यावर मारामारी सुरू होते, ते पण बघितलं पाहिजे. जे संघटनेत नाहीत त्यांना धंद्यातून हाकलायचं हत्यार होतं ते. बाकी रोज थोडं थोडं घ्यायचं हे शंभर टक्के बरोबर. आमच्याकडचे अर्धे थकबाकीदार भरायची तयारी असणारेच असायचे, फक्त मार्चमध्ये एकरकमी पैसा हातात नसायचा.

मधलीसुट्टी
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. मी आता विषय थोडा बदलतेय, "असंघटितांकडून टॅक्स कसा घ्यावा" ऐवजी "नोंदणी केली तर धंदेवाल्याला हातात काय मिळतं" यावर लिहिते, मलावी आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून. शेवटचा एक प्रश्न रोजमेळ यांना. समजा माणूस ठोक रकमेवाल्या सोप्या योजनेत आला, धंदा चांगला चालला, आणि मर्यादा ओलांडली. मग काय होतं?

रोजमेळ
चांगला प्रश्न. मग त्याला पूर्ण व्यवस्थेत जावं लागतं, म्हणजे वह्या, दर महिन्या-तीन महिन्यांनी रिटर्न, अकाउंटंटची फी, तपासणी. मर्यादेच्या एक रुपया खाली होता तोपर्यंत पाच मिनिटांचं काम, एक रुपया वर गेला की अख्खं ऑफिस लागतं. म्हणून मर्यादेच्या बरोब्बर खाली धंद्यांची गर्दी दिसते, जिथे जिथे अशी मर्यादा आहे तिथे तिथे दिसते. काही जण खरंच तिथे थांबतात, डिसेंबरात मर्यादा जवळ आली की नवीन ऑर्डर घेत नाहीत. बाकीचे धंदा कापतात, अर्धा बायकोच्या नावावर, थोडा भावाच्या. माझ्याकडे एका माणसाची चार दुकानं होती, चार वेगवेगळ्या नावांनी, चौघांची मिळून एकच वही, आणि ती मी लिहायचो. त्याला विचारलं एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ वरच्या खान्यात का जात नाही, टॅक्स तर फार वाढत नाहीये. म्हणाला टॅक्सचं काही नाही हो, पण मग तो साहेब दुकानात येऊन बसेल.

मधलीसुट्टी
हे मी नाव न घालता वापरू का?

रोजमेळ
वापरा की. फक्त दुकानं चारऐवजी तीन लिहा, ओळखतील.